वीस रुपयांचा निपल आणि अडलेले चाक



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या तोंडी तीन-चारच विषय असतात. उसाचा दर किती निघणार, उतारा किती बसणार, तोडणीची टोळी कधी येणार आणि आपली पाळी कधी लागणार. हे विषय मोठे आहेत, त्यावर बोललेच पाहिजे. पण आज मी जरा लहान विषय घेऊन आलो आहे. इतका लहान की करंगळीच्या पेरावर मावेल. चाकाच्या तुंब्यावर ग्रीस भरायचा जो निपल असतो, त्याच्याबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. काही मंडळी हसतील. "याला दुसरा विषय सापडला नाही का?" म्हणतील. हसू द्या. मीही पूर्वी हसलोच असतो.

माझी थोरली बहीण गडचिरोली जिल्ह्यात वडशाकडे दिलेली आहे. तो मुलूख धानाचा. आपल्याकडे जसा ऊस, तसा तिकडे धान. मामा तलावाचे पाणी, लहान लहान बांध्या, मध्येच मोहाचे नाहीतर सागाचे झाड, आणि बांधीच्या पाळीत दडलेले दगड आणि जुने खुंट. काही वर्षांमागे पुनर्वसु नक्षत्रात मी तिच्या घरी गेलो होतो. रोवण्याचे दिवस. पऱ्हे तीन आठवड्यांचे होऊन उभे, पाऊस मनाजोगता झालेला, रोवणाऱ्या बायांशी गुत्ता ठरलेला. भाच्याच्या ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावून चिखलणी चालू होती.

पहिल्याच दिवशी पाळ ओलांडताना पुढचे डावे चाक एका खुंटाला घासले. तुंब्यावरचा निपल मुळातून तुटला. ड्रायव्हर पोरगा हुशार. त्याने बाभळीची बारीक खुटी तासून भोकात ठोकली आणि म्हणाला, "काई होत नाई मामा, रोवणा झाला की पाहू." मलाही ते पटले. खोटे कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी चाक रडायला लागले. आधी कुरकुर, मग किंचाळी, आणि दुपारी चाक जागेवर अडले. जॅक लावून तुंबा खोलला तेव्हा आत ग्रीस नव्हतेच. होता तो करड्या रंगाचा चिखल. बेअरिंगच्या रोलरना खड्डे पडलेले, ऑइल सील फाटलेले. खुटी केव्हाच पडून गेली होती आणि त्या भोकातून तीन दिवस बांधीचे पाणी आत जात होते.

तालुक्याच्या गावी एका सर्व्हिस सेंटरला फोन लावला. उत्तर आले, "तुंबा आखाच बदलावा लागेल. माल नागपूरहून येईल. आठ दिवस धरा." आठ दिवस! इकडे पऱ्हे म्हातारे होतात. जास्त दिवसांचे पऱ्हे रोवले तर फुटवे कमी येतात हे तिकडचे लहान पोरही सांगेल. रोवणाऱ्या बायांनी एक दिवस वाट पाहिली आणि त्या दुसऱ्या गावाच्या गुत्त्यावर गेल्या. त्यांचे तरी काय चुकले? त्यांचेही पोट त्या पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीवरच.

शेवटी शेजारच्या गावातला एक म्हातारा मिस्त्री आणला. बापजादे गाडीची चाके करणारे, हा सायकली आणि इंजिने दुरुस्त करणारा. त्याने तुंबा हातात घेतला, भोकात बोट घातले आणि भाच्याकडे पाहून म्हणाला, "का जी भाऊ, लाकडाची खुटी ठोकली व्हती ना? मंग चिखल आत नाई जाईन त काय होईन?" आम्ही सगळे गप्प.

त्याने जे केले ते सांगण्यासारखे आहे, म्हणून सविस्तर सांगतो. सभासदांनी घरातल्या पोरांना वाचून दाखवावे.

पहिल्यांदा त्याने तुंबा डिझेलने स्वच्छ धुतला. तुटलेल्या निपलाचे बूड भोकात तसेच अडकले होते. त्यावर डिझेल आणि रॉकेलचे चार थेंब सोडून तो बिडी ओढत बसला. घाई नाही. तेल आट्यांत मुरायला वेळ लागतो, आणि जुन्या गंजलेल्या कामात ते रात्रभर ठेवले तरी बिघडत नाही. मग आत राहिलेली बारीक स्प्रिंग चिमट्याने ओढून काढली. निपल हा आतून पोकळ असतो, हे आपल्यातल्या पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्या पोकळीत त्याने एका जुन्या कानशीची निमुळती चौकोनी शेपटी हलक्या हाताने ठोकून बसवली. तिचे कोपरे आतल्या लोखंडात रुतले. मग कानशीला पान्हा लावून डाव्या बाजूला, म्हणजे उलटे, हळूहळू फिरवले. एकदा कर्र झाले आणि बूड गोगलगाईसारखे बाहेर आले. यासाठी बाजारात उलट्या आट्यांचे हत्यारही मिळते, पण ते गावात नव्हते, कानस होती.

आटे शाबूत होते. नसते तर? तेही त्याने सांगितले. सहा मिलिमीटरचे आटे गेले असतील तर सात मिलिमीटरचे ड्रिल मारायचे, आठ मिलिमीटरचा एक पिचचा टॅप फिरवायचा आणि आठचा निपल बसवायचा. एक पायरी वर जायचे, तुंबा फेकायचा नाही. मात्र ड्रिल मारण्याआधी तुंबा खोललेला असावा. नसेल तर ड्रिलच्या टोकाला आणि टॅपच्या खाचांना भरपूर ग्रीस लावावे, म्हणजे लोखंडाचा कीस त्याला चिकटून बाहेर येतो. तो कीस बेअरिंगमध्ये गेला तर चिखलापेक्षा वाईट.

बेअरिंग आणि सील त्याने वडशाच्या बाजारातून आणवले. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तोच नंबर कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात सांगितला की तोच माल मिळतो, मग ट्रॅक्टर कोणत्या का कंपनीचा असेना. नवा निपल वीस रुपयांच्या आत आला. संध्याकाळी चाक फिरले. आठ दिवसांचे काम एका दुपारचे झाले. पण अडलेले दिवस काही परत आले नाहीत. बाया परत मिळेपर्यंत आणखी वेळ गेला. दीड एकराचा रोवणा लांबला आणि त्या बांध्यांत फुटवा कमी बसला. एका निपलापायी.

आता थोडे मुळात जाऊ. वंगणाची गोष्ट आपल्याला नवी आहे का? आपल्या वाडवडिलांच्या गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असायचे. एरंडेल तेलात जळक्या चिंध्यांची काजळी कालवलेले ते काळे वंगण. लांबच्या वाटेला निघताना गाडीवान चाकाची खीळ काढायचा, चाक थोडे बाहेर ओढायचा, आसाला वंगण लावायचा, मगच बैल जुंपायचा. आलापल्लीच्या जंगलातून सागाची लाकडे ओढणारा गाडीवान असो की आपल्याकडे उसाची गाडी हाकणारा, वंगण न घालता निघालेल्या गाडीवानाला लोक नावे ठेवीत. चाक ओरडते म्हणजे बैल मरतो, ही साधी समजूत होती. पुढे टायरगाडी आली, ट्रॅक्टर आला, आस लोखंडी पेटीत बंद झाला. तो दिसेनासा झाला आणि आपल्याला त्याचा विसर पडला.

हा निपल आला कुठून? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत शिकागोच्या एका कारखान्यात आर्थर गुलबोर्ग याने दाबाने ग्रीस भरायची तोटी आणि पिचकारी काढली. नंतर मूळच्या ऑस्ट्रियाच्या ऑस्कर झर्क याने आजचा गोल बोंडाचा निपल बनवला. म्हणून तिकडे त्याला आजही झर्कच्या नावानेच ओळखतात. त्याच्या बोंडात एक बारीक छर्रा आणि त्याखाली स्प्रिंग असते. गनचा दाब आला की छर्रा खाली दबतो, ग्रीस आत जाते. दाब गेला की छर्रा वर येऊन दार लावून घेतो. म्हणजे निपल हे नुसते भोक नाही, ते एकतर्फी दार आहे. ग्रीस आत जाऊ देते, माती आत येऊ देत नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे लाकडाची खुटी ठोकून काम का भागत नाही ते कळते. आणि त्या बोंडावरची माती न पुसता गन लावली तर आपण स्वतःच्या हाताने माती आत ढकलतो, हेही कळते.

आता आपल्या घरचे पाहू. हंगामात आपला ऊस ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्यांतून आणि टायरगाड्यांतून येतो. ट्रॉलीच्या चाकात, टर्नटेबलात, पाट्यांच्या पिनांत ग्रीस लागते. रात्रीचा प्रवास, खड्ड्यांचा रस्ता, ठरल्यापेक्षा जास्त भरलेली ट्रॉली. कोरड्या चाकाची बेअरिंग वाटेत जाम होते. मग काय होते ते तुम्ही-आम्ही दरवर्षी पाहतो. ऊस रस्त्यावर वाळतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा असे शेतकी खाते कानीकपाळी ओरडून सांगते, कारण उशीर झाला की वजन घटते आणि आतली साखर मोडते. वजनातली घट सभासदाच्या खिशातून जाते. उताऱ्यातली घट आपल्या सर्वांच्या दरातून जाते. आणि अंधारात रस्त्यावर उभी राहिलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना लाल पट्टी, तिच्यावर मोटारसायकल आदळून किती घरांतले कर्ते पोर गेले? चाक निखळून शेजारून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर गेले तर तो दोष नशिबाचा म्हणायचा का?

यावर दोन आक्षेप येतील, ते आधीच घेतो. पहिला असा की, हे ड्रायव्हरचे काम आहे, मालकाने किंवा कारखान्याने त्यात का पडावे? ठीक. पण ड्रायव्हरला आपण ग्रीसगन दिली आहे का? गन असली तर तिच्या तोंडाचे जबडे झिजलेले, अर्धे ग्रीस बाहेरच सांडते. खेपेवर पैसे मिळणाऱ्या पोराला अर्धा तास थांबून ग्रीस भरायला आपण सांगतो, आणि त्या अर्ध्या तासाचे त्याला काही देत नाही. मग तो करील कशाला?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. नव्या यंत्रांत पुष्कळ बेअरिंग बंद पेटीचे येतात, त्यांना ग्रीस लागत नाही. खरे आहे. आणि कित्येक ट्रॉल्यांच्या तुंब्याला निपल नसतोच, बेअरिंग खोलून हाताने ग्रीस चोपडावे लागते. जिथे निपल आहे तिथेही भसाभस ग्रीस भरणे चूक आहे. तुंब्यात दाबून भरले तर आतले सील बाहेर सरकते आणि ग्रीस ब्रेकच्या पट्ट्यांवर जाते. मग चाक फिरते पण थांबत नाही. म्हणून माझे म्हणणे "रोज ग्रीस मारा" असे नाही. आपल्या यंत्राला कुठे, कोणते आणि किती लागते ते पुस्तकात पाहून ठेवा, एवढेच आहे. दोन जातींची ग्रीसही आंधळेपणाने मिसळू नयेत. काही जाती एकमेकांत मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात. जुने काढून, धुऊन, मग नवे भरावे.

एक धोक्याची सूचना इथेच देऊन ठेवतो. हातगनचा दाब भयंकर असतो. बुजलेल्या निपलावर गन दाबताना ग्रीसची बारीक धार बोटात शिरली तर वरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही. पण ते चोळून सोडून देऊ नये, त्याच तासाला दवाखाना गाठावा. उशीर झाला तर बोट जाते. निपल बुजला असेल तर जोर करण्यापेक्षा तो काढावा, डिझेलमध्ये भिजवावा, छर्रा सुईने दाबून पाहावा. मोकळा झाला नाही तर नवा बसवावा. आणि जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली कधीही शिरू नये, ओंडके नाहीतर घोडे लावावेत.

माझा एक नातलग अमेरिकेत असतो. तिकडे घराभोवतीचे गवत कापायला बसून चालवायचे लहान यंत्र असते. त्याच्या पुढच्या चाकाचा निपल दगडाला लागून तुटला, तर दुकानदाराने त्यालाही "चाकच बदला" म्हणून सांगितले. त्याने घरीच बूड काढून पाव इंची आट्यांचा नवा निपल बसवला. फोनवर मी त्याला म्हटले, "अरे, तुझे गवत आणि आमचे धान, पण दुकानदार एकाच शाळेत शिकलेले दिसतात." (जाता जाता : पाव इंची आटे आणि सहा मिलिमीटरचे आटे दिसायला सारखे, पण एक दुसऱ्यात बसत नाही. सहाचा निपल पाव इंची भोकात सैल बसून गळून पडतो. जुन्या बनावटीच्या यंत्रांत इंची आटे असू शकतात. नमुना बरोबर नेऊनच खरेदी करावी.)

गंमत सोडा. आपल्या वस्तूची दुरुस्ती आपल्याला करता यावी, हा हक्क आहे असे आता जग मानू लागले आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्यांसाठी तसा कायदा २०२३ साली केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिने हाती घेतलेल्या चार क्षेत्रांत शेतीची यंत्रे आहेत. चांगले आहे. पण हक्क कागदावर आला म्हणजे हाताला येतो असे नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला जंगलाचा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. तरी बांबू वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती येण्यासाठी २०११ साल उजाडावे लागले, आणि ते आले ते गाव एकत्र बसून अभ्यास करीत राहिले म्हणून. हक्काला माहितीची आणि एकीची जोड लागते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या बांधीतल्या दोन-चार वेगळ्या लोंब्यांकडे नीट पाहिले, त्यातून एचएमटी धान देशभर गेले. त्यांच्याकडे ना मोठी जमीन ना पदवी. होती ती लहान गोष्टीकडे बारकाईने पाहण्याची सवय. आपण आपल्या चाकाकडे तेवढे पाहू शकत नाही का?

सहकार कशासाठी काढला? एकट्याला जे जमत नाही ते दहांनी मिळून करावे यासाठी. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना काढता येत नव्हता, म्हणून प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा केले. एवढा मोठा कारखाना मिळून काढता येतो, तर ग्रीसगन आणि टॅपचा संच मिळून घेता येणार नाही? म्हणून मी संचालक मंडळापुढे नम्रपणे काही गोष्टी मांडतो.

एक. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गट ऑफिसला एक दिवस चाक तपासणीचा ठेवावा. कारखान्याच्या वर्कशॉपमधला एक फिटर आणि एक मदतनीस पुरे. ट्रॉली, टायरगाडी येईल, चाक उचलून हलवून पाहतील, निपल तपासतील. मागची लाल पट्टीही त्याच वेळी लावून द्यावी.

दोन. कारखान्याच्या स्टोअरमधून सभासदांना आणि वाहतूकदारांना एक छोटी पुडी खरेदीच्या भावात द्यावी. सहा, आठ आणि दहा मिलिमीटरचे दोन-दोन निपल, त्यांच्या रबरी टोप्या, आणि कोणत्या यंत्राला कुठला लागतो याचा मराठीत छापलेला कागद.

तीन. काट्यापाशी नंबर लागून ट्रॉल्या तासन् तास उभ्या असतात. तिथेच एक ग्रीसचा ठेला ठेवावा. ड्रायव्हर रिकामाच असतो, चाक गार झालेले असते. याहून चांगली वेळ कोणती?

चार. आपल्या सभासदांच्या पोरांपैकी जी आयटीआयला आहेत त्यांना हंगामात या कामावर घ्यावे. आणि गावोगावचे जे जुने मिस्त्री हात थकून घरी बसले आहेत, त्यांना मानधन देऊन दोन दिवस बोलवावे. कानशीच्या शेपटीने निपल काढायची विद्या पुस्तकात नाही, ती त्या माणसांबरोबर जाईल.

यात खर्च नाही असे मी म्हणत नाही. पण वाटेत जाम झालेल्या एका चाकापायी किती ऊस वाळतो याचा हिशेब शेतकी खात्याने एका हंगामापुरता मांडून पाहावा. मग खर्चाची भाषा कोणी करणार नाही. आणि ज्या सभासदाला वाटते की कारखान्याने केल्याशिवाय माझे काही अडत नाही, त्याने आजच संध्याकाळी आपल्या ट्रॉलीपाशी जावे, जुन्या फडक्याने एकेक निपल पुसावा आणि तो जागेवर आहे का एवढे तरी पाहावे. एखाद्या ठिकाणी लाकडाची खुटी सापडली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

बहिणीच्या घरी आता ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये औषधाच्या रिकाम्या डबीत चार निपल असतात. तो ड्रायव्हर पोरगा दर रोवण्याला पहिल्याच दिवशी ती डबी खडखडवून पाहतो. बैल गेला नि झोपा केला, असे झाले खरे. पण झोपा झाला हे काय कमी? तुम्ही बैल जाण्याची वाट पाहू नका, एवढीच विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद